उम्म अल कुवैनच्या वाळूत डावा कोपरा

आमचा गणपती दोघा भावांत वर्षाआड फिरतो. यंदा तो दिरांकडे होता, म्हणून लग्नानंतर पहिल्यांदाच भाद्रपदात घराबाहेर पडायची मोकळीक मिळाली. मुलगी मेघना दुबईला असते आणि तिच्याकडे पाच दिवसांचा गणपती बसतो. जावई म्हणाले, व्हिसाचं मी बघतो. ह्यांना विमानात बसायचं नसतं, त्यामुळे तिकीट एकच काढावं लागलं.

जाण्याला आणखी एक कारण होतं. ते आधीच सांगते, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. माझा धाकटा भाऊ दिलीप उम्म अल कुवैनला एका यार्डात वेल्डर आहे. बायको सुनंदा आणि मुलगी गावाला. तो दर वर्षी सांगतो, "यंदा कप घेतला की खलास, कायमचा येतो." हा कप कबड्डीचा. तिकडे आपल्या गावांच्या टीम आहेत, आमच्या माहेरच्या गावाचीही आहे, आणि दिलीप तिच्या डाव्या कोपऱ्यात उभा राहतो. हे वाक्य तो पहिल्यांदा बोलला तेव्हा त्याची मुलगी चौथीत होती. आता ती कॉलेजला जाते.

मी निघायच्या आधी सुनंदा एसटी पकडून माझ्याकडे माणगावला आली. चहा घेतला आणि म्हणाली, "ताई, त्यांना एवढंच विचारा. येणार असले तर कधी ते सांगा, नसले येणार तर तसं सांगा. मला दोन्ही चालेल. हे मधलं नको."

मी बरं म्हटलं.

मुंबईहून थेट दुबईपेक्षा शारजाचं विमान पुष्कळ स्वस्त पडतं. मेघनाच्या घराला शारजाचा विमानतळ काही लांब नाही, तेव्हा तुमचं कोणी न्यायला येणार असेल तर शारजाच बघा. सामानाबद्दल एक सांगते, कारण हे मला ऐनवेळी कळलं. लाडवात, शिऱ्यात, कशातही खसखस घालून नेऊ नका. तिकडे खसखशीला कायद्याने बंदी आहे आणि "घरी केलंय हो" म्हणून कोणी सोडत नाही. मी डिंकाचे लाडू खसखशीशिवाय केले. थोडे जास्तच केले. दिलीपला ते लहानपणापासून आवडतात.

मेघना दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये राहते. नावावरून मला वाटलं होतं खजुराची झाडं आणि पाणी असेल. झाडं आहेत, पाण्याचं कारंजंही आहे, बाकी सगळे टॉवर आणि ऑफिसं. स्वच्छ जागा. पण अजून मेट्रो पोचलेली नाही, बसने स्टेशनपर्यंत जावं लागतं. गाडीत बसल्या बसल्या नात इराने मला मेट्रो-बसचं एक कार्ड दिलं आणि सांगितलं, "आजी, धिस इज युअर नोल कार्ड. मेट्रोत खायचं नाही. नॉट इव्हन प्रसाद." पुढे एकदा माझा हात पिशवीतल्या खडीसाखरेकडे गेलाच. तिने नुसतं पाहिलं. दंड शंभर दिरहम, म्हणजे चोवीसशे रुपये. मी हात बाहेर काढला.

पूजेचं सामान बर दुबईला मिळतं. दुर्वा, जास्वंद, केवडा, सगळं विमानाने आलेलं असतं आणि भाव ऐकून देवाचीच आठवण होते. दुर्वांची जुडी घेतली, केवडा नाही घेतला. बाप्पा समजून घेतात. तिथून चालत अल मनखूलला गेलो, कारण तिथे मेघनाच्या ओळखीची आणि आमच्या गावाकडची बरीच कुटुंबं आहेत. जुन्या इमारती, गॅलरीत कपडे, लिफ्टमध्ये फोडणीचा वास. मला दुबईत तिथेच सगळ्यांत बरं वाटलं.

शनिवारी गणपती बसले. संध्याकाळी दिलीप आला, बरोबर टीममधले चौघे. यार्डातून अर्धा दिवस काम करून, आंघोळ करून, इस्त्रीचे शर्ट घालून आलेले. आरतीला आवाज असा लावला की खालच्या मजल्यावरचा फिलिपिनो माणूस काय चाललंय बघायला वर आला आणि मोदक खाऊन गेला. दिलीप चार वर्षांनी समोर दिसत होता. केस विरळ झालेत, हातावर ठिणग्यांचे डाग, पण बांधा वडिलांचाच, रुंद. मी त्याला वाढत गेले आणि तो खात गेला. निघताना लाडवांचा डबा दिला. तो डब्याकडे बघत क्षणभर थांबला, मग दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावला. सुनंदाचा निरोप त्या गर्दीत काढला नाही.

मला नंतर कळलं की ती मंडळी आमच्याकडून थेट अल मनखूलला गेली. तिथे एकाच इमारतीत गणपतीची तीन घरं. प्रत्येक घरी आरती, प्रत्येक घरी जेवायचं पान. आणि वडीलधाऱ्या बाईने हातावर ठेवलेला प्रसाद परत करायचा नाही, हे ह्या पोरांच्या हाडात आहे.

विसर्जन मेघनाने बाल्कनीत टबात केलं. त्यानंतरच्या रविवारी टीमची प्रॅक्टिस बघायला आम्ही उम्म अल कुवैनला गेलो. सीझन थंडीत असतो, पण तयारी आतापासून, आणि उन्हामुळे ती पहाटेच करावी लागते. जावयांनी गाडी काढली. हायवेने शारजा, अजमान मागे टाकलं की इमारती बुटक्या होत जातात आणि एका बाजूला खाडी दिसते. बसने जाणार असाल तर दुबईहून अजमान आणि तिथून दुसरी बस, पण पहाटे ते जमणार नाही. शहर शांत आहे. पाहण्यासारखं काय, असं विचारलंत तर समुद्र, जुना किल्ला आणि बगळे. मला पुरेसं होतं.

यार्डांच्या मागे मोकळी वाळू आहे. तिच्यावर जुन्या रबरी मॅट जोडून मैदान केलेलं. हवा इतकी दमट की चष्मा पुसून पुसून पदर ओला झाला. कडेला बघे जमलेले. हे लोक शारजाहून, दुबईहून सुट्टीची झोप मोडून नुसती प्रॅक्टिस बघायला येतात, हे मला नवीन होतं. एका थर्मासातून करक चहा, म्हणजे वेलची घालून उकळलेला दाट चहा, फिरत होता.

पुढे फोल्डिंग खुर्ची टाकून जाधवकाका बसले होते. अल मनखूलला त्यांचं शिवणकाम आहे, गावात आमच्या आळीच्या टोकाला घर. मला ओळखून म्हणाले, "काय गं कुसुम, इथे कुठे वाळूत?" शेजारी महाडिक उकिडवा बसलेला, हाही गावचाच. रात्रभर टॅक्सी चालवून तसाच आलेला, डोळे लाल.

"यंदा आपलाच आहे, ताई," महाडिकने मला बसायच्या आधीच सांगितलं.

"हे तू गेल्या वर्षी म्हणालास," जाधवकाका.

"गेल्या वर्षी नशीब आडवं आलं."

"नशीब नाही, रुपेशचा गुडघा आला." रुपेश म्हणजे टीमचा कॅप्टन, चढाई तोच करतो.

"आता बराय गुडघा."

"जिना उतरताना बघ एकदा त्याला."

"काका, तुम्ही टीमच्या बाजूने आहात की समोरच्यांच्या?"

"मी टीमच्याच बाजूने आहे, म्हणून झोप लागत नाही. तुला टॅक्सीत लागते."

इराला खेळ कळत नव्हता, तेव्हा महाडिकने तिला समजावलं. समोरचा एकटा चढाईला येतो, एका श्वासात, आणि ह्यांना शिवून पळायला बघतो. तो परत रेषेला लागायच्या आत त्याला धरायचा. डावा कोपरा म्हणजे टोकाला उभा राहून त्याचा घोटा धरणारा. घोटा धरला की बाकीचे अंगावर पडतात. तो सुटला की सगळे गेले.

"सो मामाआजोबा इज व्हेरी इम्पॉर्टंट," इरा म्हणाली.

"होता," जाधवकाका म्हणाले.

महाडिकने त्यांच्याकडे रागाने पाहिलं. "ताईंच्या समोर काय बोलताय."

"तिलाही दिसतंय की. बेचाळिशीचा झाला तो. त्या ओंकारला उभा करा कोपऱ्यात." ओंकार एसीच्या कामावर नवीन आलेला, सडपातळ, गावच्याच खालच्या वाडीचा. "पोरगा सापासारखा धरतो."

"धरतो, पण कधी धरायचं ते कळत नाही. दिलीपदादाला ते कळतं."

"कळतं ना. पण वाकेपर्यंत समोरचा घरी जाऊन चहा पितो."

बाकीचे हसले. मी हसले नाही, पण काका चूक बोलत होते असंही म्हणत नाही.

प्रॅक्टिस संपल्यावर सगळे शेजारच्या कार्गोच्या दुकानात गेले. गावाला पाठवायच्या खोक्यांचं वजन ज्या काट्यावर होतं, त्याच काट्यावर ही टीम उभी राहते. तिथे मला पहिल्यांदा कळलं की स्पर्धेत ऐंशी किलोच्या वर कोणालाही घेत नाहीत, आणि पुढच्याच रविवारी संयोजकांचा माणूस वजनं लिहून घ्यायला येणार आहे, शिवाय सामन्यांच्या दिवशी ती परत मोजतात. संयोजकांत मराठी कोणी नाही. असता तर गणपतीच्या पाठोपाठ वजन ठेवलं नसतं.

एकेक जण चढत गेला आणि एकेकाचं तोंड उतरत गेलं. दिलीप अडीच किलो वर भरला.

"गणपती बाप्पा," जाधवकाका म्हणाले. पुढचं कोणी म्हटलं नाही.

महाडिक माझ्याकडे वळला. "ताई, राग मानू नका, पण डबा किती किलोचा होता?"

"अरे, तू बोलायचं नाहीस का मला?" मी दिलीपला म्हटलं.

"प्रसादाला काय बोलायचं, ताई."

परत जाताना त्याला खाडीकडे बाजूला घेतलं आणि सुनंदाचा निरोप जसाच्या तसा सांगितला. तो म्हणाला, "तिला सांग, वजनात बसलो की टीममध्ये आहे. टीममध्ये असलो की कप आहे. यंदा खरंच चांगली टीम झाली आहे."

"आणि नाही बसलास तर?"

"बसतो. आठवड्यात अडीच किलो म्हणजे काही नाही."

मी तेच विचारलं होतं का, ते त्याला विचारलं नाही.

मधल्या आठवड्यात थोडं फिरले. खाडी ओलांडायला लाकडी होडी आहे, अब्रा म्हणतात, एक दिरहमात. चोवीस रुपयांत एवढी करमणूक दुबईत दुसरी नाही. उंच इमारत खालूनच बघितली, वर जायचं तिकीट ऐकून खालूनही ती छान दिसते असं माझं मत झालं. जेबल अलीच्या देवळात मात्र सगळा दिवस दिला. आधी मेट्रो, मग टॅक्सी. शक्यतो सुट्टीच्या दिवशी जाऊ नका, रांग फार असते. आत संगमरवर, थंडावा आणि सगळ्या देवांना सारखी जागा.

तिथे बसले असताना एक विचार मनात आला. दिलीप वजनात बसला नाही, तर ह्या वर्षी टीममध्ये नाही. टीममध्ये नाही, तर त्याला तिकडे धरून ठेवणारं काही उरत नाही. मेघनाच्या घरी अजून करंज्या होत्या, नैवेद्याच्या. मी एक डबा पाठवला असता तर त्याने तो परत केला नसता. सुनंदाचं काम त्या डब्याने झालं असतं.

पण प्रसाद त्यासाठी नसतो. देवासमोर बसून असला हिशोब करणं मला बरं वाटलं नाही आणि मी उठले. महाडिकची टॅक्सी दोन दिवसांनी मेघनाच्या बाजूला आली तेव्हा त्याच्याबरोबर दिलीपला फक्त अंगारा आणि एक फूल पाठवलं. महाडिकने पुडी उघडून बघितली. "एवढंच ना, ताई? नक्की?" त्याला खात्री करून हवी होती.

तो आठवडा दिलीप पेजेवर राहिला. दिवसा वेल्डिंग, संध्याकाळी अंगात जाड कपडे घालून पळायचं, असं रुपेशने फोनवर सांगितलं. मी म्हटलं, "अरे, तिकडच्या उकाड्यात?" तो म्हणाला, "तो ऐकतो का कोणाचं, ताई."

दुसऱ्या रविवारी आम्ही परत त्याच वाळूवर. संयोजकांचा माणूस आपला काटा घेऊन आलेला, पंजाबी, मोठा सभ्य. दिलीप काट्यावर चढला. एकोणऐंशी आणि वर थोडं. महाडिकने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि दिलीप एक पाऊल पुढे ढकलला गेला. ते जाधवकाकांनी पाहिलं, मी पाहिलं.

मग प्रॅक्टिसचा सामना झाला. दुपारपर्यंत रुपेशने सात जणांची नावं द्यायची होती. अजमानची एक टीम समोर होती. त्यांचा चढाईपटू आला, दिलीपच्या बाजूला वळला. दिलीपने घोटा धरला, अगदी वेळेवर.

"बघा काका," महाडिक म्हणाला.

घोटा सुटला. बाकीचे पोचेपर्यंत तो रेषेपार.

"घामाने सुटला."

"सगळ्यांनाच घाम आहे," जाधवकाका म्हणाले, पण हळू.

पुढच्या खेपेला दिलीपने सोडलं नाही. त्या माणसाने त्याला मॅटवरून तसाच ओढत रेषेपर्यंत नेला. दिलीप पालथा, हात पुढे, त्या माणसाचा पाय मुठीत. गुण समोरच्यांना. आता कडेचं कोणीच काही बोललं नाही. महाडिकसुद्धा चहाच्या कपात बघत होता. तिथे जमलेली ती माणसं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच गप्प झाली असावीत. दिलीप उठला, कोपर झटकलं आणि आमच्याकडे पाहिलं. कोणी "होतं असं" म्हणालं असतं तर तो परत उभा राहिला असता, असं मला वाटतं.

तो मैदानाच्या बाहेर आला. "ओंकार, जा कोपऱ्यात."

रुपेश धावत आला. "दिलीपदादा, काय करतोयस? वजनात बसलायस ना?"

"बसलोय रे. पण पाय हातात राहत नाही."

"आठवडाभर जेवला नाहीस म्हणून. खाल्लंस की येईल ताकद."

"खाल्लं की वजनात नाही. एवढं तुलाही कळतं. नाव त्याचं लिही."

मग तो रेषेबाहेर उभा राहून ओंकारला सांगायला लागला. त्याच्या डोळ्यांकडे बघू नको, कमरेकडे बघ. वजन मागच्या पायावर आलं की मगच. आत्ता नाही. आत्ता नाही. आता. ओंकारने धरलं आणि सगळे जण त्या चढाईपटूवर कोसळले. जाधवकाका खुर्चीतून उठले आणि परत बसले.

नंतर आम्ही यार्डाजवळच्या एका मल्याळी हॉटेलात नाश्ता केला. परोठा, अंड्याची आमटी, चहा, चौघांचं मिळून पंचवीस दिरहमच्या आत. मी शाकाहारी, मला परोठ्याबरोबर चण्याची भाजी मिळाली आणि ती चांगली होती. दिलीप खाली मान घालून खात होता. परोठा संपवून म्हणाला, "कंपनीला नोटीस देतो. व्हिसा रद्द व्हायला, पैसे मिळायला दिवाळी होऊन जाईल."

"सुनंदाला सांगू?"

"मीच सांगतो."

मेघनाला भरून आलं. मी चहा प्यायले. असं तो आधीही म्हणाला होता, म्हणून व्हिसा रद्द झाल्याचा कागद फोनवर दिसेपर्यंत मी गावात कोणाला काही बोलले नाही. माझी परत यायची तारीख आली. येताना सामानात जागा होती, खजूर आणि केशर घेतलं. केशर घेताना दोन दुकानं फिरा, भावात बराच फरक असतो.

दिलीप मार्गशीर्षात आला. दोन खोकी कार्गोने, एक बॅग हातात. स्पर्धा त्यानंतर होती.

सामन्यांच्या दिवशी मी माहेरीच होते. ओटीवर फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवलेला, समोर दिलीप, सुनंदा आणि मी. महाडिक तिकडून फोनवरच सामना दाखवत होता आणि मध्ये मध्ये त्याचं बोटच दिसत होतं. उपांत्य सामन्यात एक गुण पुढे असताना समोरच्याची शेवटची चढाई आली. दिलीप ओटीवर बसून पुटपुटत होता, आत्ता नाही, आत्ता नाही. ओंकारने धरलं ते दिलीपच्या तोंडून "आता" निघायच्या आधी. अंतिम सामना त्यांनी सहज घेतला.

इतक्या वर्षांचा कप आला. तिकडे सगळे नाचत होते. जाधवकाकांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि महाडिक ओरडत होता की पुढच्या वर्षीसुद्धा आपलाच. रुपेशने फोन हातात घेतला आणि कप अगदी जवळ आणून दाखवला. "दिलीपदादा, बघ. बघ तुझा कप."

दिलीपने डोक्यावरून चष्मा डोळ्यांवर ओढून पाहिलं. कप चांगला होता, पितळी, दोन कानांचा. रुपेशच्या एका हातात मावत होता.

सुनंदा वाकून बघत होती. "एवढाच?" ती म्हणाली.

दिलीपने फोन तिच्या बाजूला वळवला, म्हणजे तिला नीट दिसावं. "हो," तो म्हणाला. "एवढाच आहे."